दोघांना मिळून एक टोल

माझा बाप लंगडा नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण अक्कलकोटच्या अंगाला तीसेक गावांत लोक त्याला लंगडा समजूनच धान्य घालायचे.

आम्ही हेळवी. घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ ठेवायच्या आणि सुगी झाली की गावोगाव जाऊन ज्याची त्याला म्हणून दाखवायच्या, हा आमचा पिढीजात धंदा. आमचा मूळपुरुष पायानं अधू होता म्हणे. म्हणून हेळव्यानं बैलावर बसूनच गावात शिरायचं आणि पाय घोंगडीखाली झाकायचे. अप्पा वेशीपर्यंत माझ्यापुढं तरातरा चालायचा, वेशीपाशी बैलावर चढायचा, घोंगडी ओढून घ्यायचा, आणि तिथून पुढं त्याला पाय नसायचे. लहानपणी मला याची गंमत वाटायची. हायस्कूलला गेल्यावर लाज वाटायला लागली. कॉलेजात कुणी विचारलं, वडील काय करतात, तर मी सांगायचो, फिरतीवर असतात. खोटं नव्हतं. एका पोराला तर वर्षभर वाटत होतं की माझे वडील एसटीत आहेत.

वडिलांना मी अरेतुरेच करायचो. आमच्यात तशीच रीत. लिहितानाही तसंच लिहिणार.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी मी सोलापुरात बी.ए. झालो, मराठी विषय घेऊन. आमच्या सगळ्या पालांत मिळून पहिला. हे मी तेव्हा मिरवलं, आजही मिरवतो. ज्याच्या सात पिढ्यांनी दुसऱ्यांची नावं पाठ केली आणि स्वतःचं नाव लिहायला एकालाही आलं नाही, त्यानं मिरवू नये तर कुणी मिरवावं?

पाठ करण्याची आमच्या घरची पद्धत सांगितली पाहिजे. दुसऱ्या हेळव्यांची वेगळी असेल. अप्पाच्या हातात पितळेची छोटी घंटा असायची. नवरा-बायकोचं नाव घेतलं की एक टोल. दोघांना मिळून एक. ज्यानं कुणाशीच चूल मांडली नाही, त्याचं नाव घ्यायचं, पण घंटा मुठीत दाबून. आणि मधे एक जरी नाव सुटलं, कुणी बोलण्यात अडवलं, तर तिथून पुढं जायचं नाही. पुन्हा मूळपुरुषापासून धरायचं. मी सहा-सात वर्षांचा असल्यापासून बैलामागून चालत हे शिकलो. चुकलो की अप्पा मागं न बघता नुसतं म्हणायचा, "पयल्यापास्नं." कधी कधी एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत मी मूळपुरुषाच्या पुढं सरकलेलोच नसायचो.

त्या तीसेक गावांतल्या घराण्यांत एक घर मोठं होतं. शेती अक्कलकोटकडं, आणि भुईमुगाची आडत सोलापुरात, शुक्रवार पेठेत. आमच्याकडं अशा माणसाला सावकार म्हणायचे, व्याजबट्टा करत नसला तरी. या सावकाराच्या वंशावळीत, त्याच्या वर चौथ्या पिढीत, तीन भाऊ येतात. नावं देत नाही, घर अजून नांदतं आहे. थोरल्याचं आणि धाकट्याचं साधं होतं, बायको अमक्या गावची, लेकरं इतकी, टोल. मधल्यापाशी आलं की अप्पाचा आवाज जरा संथ व्हायचा.

"मधल्यानं मेंढक्यासंगं चूल मांडली. चूल एक, घोंगडं एक, माती एक. दोघांचा दिवा धाकल्याच्या घरी."

आणि टोल.

मी बारा वर्षांचा असताना हे एकदा माझ्या डोक्यात अडकलं. मेंढका म्हणजे मेंढरं राखणारा. गडीमाणूस.

"अप्पा, ह्ये दोन गडी व्हते न्हवं?"

"व्हय."

"मग टोल कसा?"

"चूल एक व्हती का न्हाय?"

"व्हती."

"मग? टोल चुलीला असतो. मिशीला न्हाय."

आणि तो पुढं चालायला लागला. त्याच्या बापानं त्याला असंच सांगितलं होतं, त्याच्या बापाला त्याच्या बापानं. अप्पाला यात नवल असं काहीच नव्हतं. मला होतं. मी तेव्हा कुणालाही सांगितलं नसतं, पण त्या ओळीपाशी आलो की मी ती मनात दोनदा म्हणायचो. त्या वयात मला एवढंच कळत होतं की पोरींच्या गोष्टी निघाल्या की मी गप्प होतो, आणि ही एक ओळ मला कधी परत पहिल्यापासून धरावी लागली नव्हती. पहिल्याच दिवशी पाठ झाली.

कॉलेजला असताना मी राहायला त्याच सावकाराच्या आडतीवर होतो. वरची माडी रिकामी होती. सावकाराचा मुलगा माझ्याच वर्गात, इंग्रजीत कच्चा. त्याच्याबरोबर अभ्यासाला बसायचं आणि राहायचं फुकट, असं ठरलेलं. माडीवर जायला जिना एकच, तो दुकानातून. सावकाराच्या गादीसमोरून चढायचं, गादीसमोरूनच उतरायचं. तीन वर्षांत त्या जिन्यावर पाय ठेवताना मी एकदाही सहज श्वास घेतला नाही.

भिंतीपलीकडं विणकरांचे माग होते. तेलुगू माणसं, सकाळी आठला खडखडाट सुरू, दिवे लागेपर्यंत थांबायचा नाही. त्या खडखडाटात बोलायचं तर तोंड कानाजवळ न्यावं लागायचं. आमची सुरुवात तिथून झाली. जास्त काही लिहीत नाही. पुस्तक उघडं असायचं, पान तेच असायचं, आणि खालून सावकार ओरडायचा, "अभ्यास चाललाय का रे?" आणि दोघं एकदम ओरडायचो, "व्हय अण्णा!" माग बंद पडले की आम्ही लांब सरकून बसायचो. वीज गेली की आमचं काळीज जायचं.

त्याला मी ती ओळ सांगितली होती. त्याच्याच घराण्यातली, आणि त्याला माहीत नव्हती. म्हणजे ऐकली होती दरवर्षी, पण हेळवी म्हणतो ते कोण नीट ऐकतं? त्यानं मला पुन्हा सांगायला लावली. मग तिसऱ्यांदा.

"म्हणजे हा माझा चुलत पणजोबाच्या वरचा कोणतरी."

"व्हय."

"आणि तो मेंढका माझा कोण लागतो बे?"

"पितरांचा दिवा तुमच्या, धाकल्याच्या घरी लावायचा म्हटल्यावर तोही तुझा आजाच."

"आणि तुझा?"

"माझा कुठला? आमची कोण सांगतं?"

"मग माझ्यातला अर्धा घे की," म्हणाला आणि हसला. त्यानंतर आम्ही त्या दोघांना 'आपले आजे' म्हणायला लागलो. परीक्षेला जाताना आपल्या आज्यांना नमस्कार. नापास झालास तर आजे काय म्हणतील. पोरकटपणाच, पण मला त्या काळात एवढेच दोन नातेवाईक होते ज्यांच्यापासून काही लपवायचं नव्हतं.

बी.ए.चा निकाल लागला, मी सेकंड क्लासात, तो कसाबसा. आणि त्याच महिन्यात त्याचं लग्न काढलं.

स्थळ कुर्डुवाडीचं. मुलीचे वडील रेल्वेत हेडक्लार्क. सावकारानं मला गादीपाशी बोलावलं.

"हे रेल्वेवाले लोक कागदाशिवाय बोलत नाहीत. घराणं किती पिढ्यांचं, विचारतात. तोंडी सांगून भागायचं नाही. तुझ्या बापाला बोलाव, तो सांगेल, तू सुंदर अक्षरात लिही. झाड काढ, फांद्या, पानं, पानावर नाव. काच लावून दिवाणखान्यात टांगू. साखरपुड्याला येतील तेव्हा दिसेल."

मला खरं सांगायचं तर अभिमान वाटला. बापाची विद्या आणि माझी विद्या एका कागदावर. अप्पाला तर आभाळ ठेंगणं झालं. तो शहरात आला, बैल पेठेच्या गल्लीत बांधला, आणि आडतीच्या मागच्या कोठारात पोत्यांच्या मधे घोंगडी टाकून, पाय झाकून बसला. समोर मी ड्रॉइंग पेपर घेऊन, बाजूला सावकार. दोन-तीन हमाल ऐकायला उभे राहिले.

अप्पानं मूळपुरुषापासून धरलं. टोल पडत गेले, मी लिहीत गेलो. मधल्यापाशी आला, ओळ म्हणाला, टोल दिला.

सावकारानं हात वर केला. "ते राहू दे. ते लिहू नको. पुढचं सांग."

"व्हय," अप्पा म्हणाला, आणि मूळपुरुषापासून सुरू केलं.

"अरे, पहिल्यापासून कशाला?"

"मोडलं की, सावकार. मोडल्यावर पयल्यापास्नं."

सावकार थांबला. दुसऱ्यांदा त्याच जागी पुन्हा हात वर. अप्पा पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा सावकारानं आधीच सांगून ठेवलं, मधला आला की सोडून पुढं जायचं. अप्पानं मान हलवली, मधला आला, आणि त्यानं ओळ म्हणून टोल दिला. चौथ्यांदा हमाल तोंडाला उपरणं लावून हसत होते.

"हेळव्या, तू माझा जीव घेशील."

"जीव बी तुमचा, येल बी तुमचा. म्या नुस्ता धरून हाय."

"मेंढक्याला धरून आहेस!"

"त्यो बी तुमचाच की, सावकार. दिवा न्हाय का लावत?"

सावकारानं अप्पाला चहाला पाठवलं. हमालांना पिटाळलं. मग माझ्याकडं वळून फार शांतपणे म्हणाला, "तुझ्या बापाला वाचता येत नाही." एवढं बोलून त्यानं ते तसंच राहू दिलं. मग म्हणाला, "शाळेच्या कमिटीवर मी आहे. जूनमध्ये मराठीची जागा निघतेय. तू हुशार आहेस."

बोलायला होतं काय? मी म्हणणार, हे दोघं राहू देत. तो विचारणार, तुला का एवढं? त्या 'का'च्या पलीकडं माडी होती.

मला वाटलं होतं, निदान सावकाराचा मुलगा माझ्या बाजूनं बोलेल. दुपारी वर गेलो. तो खिडकीत बसला होता.

"काढून टाक बे ते," म्हणाला.

"तूच म्हणायचास, आपले आजे."

"इथं म्हणायचो. माडीवर. भिंतीवर टांग म्हणालो होतो का?"

"चार पिढ्यांमागचा माणूस आहे. कुणाला काय पडलंय?"

"तो सासरा चष्मा लावून एकेक नाव वाचणार. मेंढका कोण, विचारणार. अण्णा काहीतरी सांगतील, सगळे हसतील. मला हसता येणार नाही. आणि मी हसत नाही हे कुणाच्या तरी लक्षात येईल." त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "तुला हसता येईल?"

पलीकडं माग चालू होते, तरी आम्ही लांबून, मोठ्यानं बोलत होतो.

"आणि मग आपलं?" मी विचारलं.

"आपलं काय? तू इथंच शाळेत. मी इथंच खाली दुकानात. कुठं जातोय आपण?"

त्यानं हे मला धीर द्यायला म्हटलं. मला बाहेरून कडी लावल्यासारखं ऐकू आलं.

मी झाड काढलं. तीन दिवस खपलो, अक्षर आजही कुणी बघितलं तर वा म्हणेल. चौथ्या पिढीत भाऊ दोनच. पण मधली फांदी मी आधीच काढून बसलो होतो, शाईत. खोडता येईना. म्हणून तिला एक पान काढलं आणि ते रिकामं ठेवलं. शोभेचं वाटावं असं.

कागद सावकाराकडं देण्याआधी अप्पाला दाखवला. आमचं पाल तेव्हा शहराबाहेर होतं. अव्वानं, माझ्या आईनं, हात पुसून लांबूनच बघितला. मंगळवेढ्याच्या बाजूची एक मुलगी तिनं माझ्यासाठी बघून ठेवली होती, तिच्या घरच्यांनाही हा कागद दाखवावा असं तिला वाटत होतं. अप्पानं कागदावर वास घेतल्यासारखं तोंड नेलं.

"आन ती दोगं कुटं?"

मी काय केलं ते लिहितो. मी त्याचं बोट धरलं आणि त्या रिकाम्या पानावर ठेवलं.

"हितं."

"डाव्या अंगानं दुसरी फांदी, खालचं पान," अप्पा म्हणाला. त्यानं दोनदा म्हटलं. डोळे मिटून तिसऱ्यांदा. तो पाठ करत होता.

साखरपुड्याला सकाळी दहापासून माणसं आली. दिवाणखान्यात सतरंज्या, समोर भिंतीवर काचेत माझं झाड, त्याला झेंडूचा हार. कुर्डुवाडीचे पाहुणे एका बाजूला, हेडक्लार्क मधे, कोट घालून. नवरदेव नव्या सदऱ्यात, डोक्याला फेटा. मी दाराशी, इस्त्रीच्या पँटमध्ये. सावकारानं आल्याआल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "या मास्तर." ऑर्डर अजून हातात नव्हती, पण झालो होतो मास्तर.

अप्पाला हमालांनी उचलून आणून बसवलं. तो घोंगडीखाली पाय घेऊन बसला आणि सुरू केलं. आवाज खणखणीत. पाहुणे मान डोलावत होते. मधला आला. सावकारानं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. अप्पा ओळ म्हणाला, टोल दिला, आणि मग, जे त्यानं जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. अंगावरची घोंगडी बाजूला सारली आणि ताडकन उठून भिंतीकडं चालत गेला.

एकच हशा उसळला. "आरं, हेळवी उठला की!" "सावकारांच्या घरात पाय फुटले त्याला!"

अप्पाला स्वतःला कळलंच नव्हतं. पायांचं सोंग तो विसरून गेला होता. हार बाजूला करून त्यानं काचेवर बोट ठेवलं. डावीकडनं दुसरी फांदी, खालचं पान.

"हितं बगा. म्या म्हंतो त्येच लिवलंय. माज्या पोरानं लिवलंय. बी.ए. हाय."

हेडक्लार्क उठले. खरोखरच चष्मा लावला. वाकून बघितलं. "इथं तर काही लिहिलेलं नाही, बाबा."

"चश्मा पुसा, सायेब."

पुन्हा हशा. हेडक्लार्कही हसले, पण चष्मा पुसला आणि परत बघितलं. "नाही हो. कोरं पान आहे."

अप्पानं माझ्याकडं वळून बघितलं. बोट तसंच काचेवर. चेहऱ्यावर अजून हसू होतं, कारण त्याला खात्री होती की साहेबाचीच नजर अधू आहे.

"वाच की रं. वाचून दाव."

"वाचा मास्तर," सावकार म्हणाला. आवाज अगदी गोड.

मी पुढं गेलो. फेटेवाल्या गर्दीतून मला नवरदेवाचे डोळे दिसले. त्यानं मान किंचित हलवली. नाही, अशी. मला ती ओळ झोपेतून उठवली असती तरी म्हणता आली असती. नुसतं तोंड उघडायचं होतं. वाचल्यासारखं करून म्हणायची होती. माझ्या आयुष्यात याहून सोपं काम मला कुणी सांगितलं नव्हतं.

"अप्पा," मी म्हणालो, "हितं कुणी न्हाय."

हसणं थांबलं नाही लगेच. काहींना वाटलं, ही पण चेष्टाच. अप्पाचं बोट काचेवरून खाली आलं. त्याचा चेहरा मी बघितला, आणि त्याचं वर्णन करणार नाही.

तो परत जाऊन बसला. पायांवर घोंगडी घेतली. आणि मूळपुरुषापासून सुरू केलं.

"बास रे आता, झालं की," सावकार म्हणाला. अप्पा थांबला नाही. "चला, पानं मांडली आहेत, जेवायला चला." माणसं उठायला लागली, पाहुणे आधी. सतरंज्या रिकाम्या होत गेल्या. अप्पा रिकाम्या दिवाणखान्याला पिढ्या सांगत राहिला. सगळ्यात शेवटी तो, नवरदेव, दाराशी पोचला आणि तिथं थांबला, पाठमोरा. अप्पा मधल्यापाशी आला. ओळ म्हणाला. टोल पडला. मग तो बाहेर गेला.

ती नोकरी मला मिळाली. आधी अनट्रेंड म्हणून, बी.एड. मागाहून केलं. एकतीस वर्षं त्याच शाळेत, त्याच पेठेच्या अंगाला. चांगलं शिकवलं मी मराठी, कुणालाही विचारा. त्या नवरदेवाची दोन्ही मुलं माझ्या वर्गात येऊन गेली. शाळेच्या हजेरीत मुलाचं नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव. धाकटा दहावीला माझ्या वर्गात होता ते सबंध वर्ष, सकाळी अकरा वाजता, चाळीस पोरांच्या पुढं, मी त्याच्या बापाचं नाव घेत होतो. पोरगं म्हणायचं, हजर. आम्ही दोघं त्या साखरपुड्यानंतर एकमेकांशी दुकानात मालाचा भाव विचारण्यापलीकडं बोललो नाही. कुठंच गेलो नाही आम्ही, तो म्हणाला होता तसंच.

पण मला त्या दिवशीचं पुरतं सांगायचं आहे. अप्पा जेवला नाही. बैल सोडला आणि पेठेतून सरळ चालत निघाला, शहरात, सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या पायांनी. मी मागून. त्याला थांबवायची माझी हिंमत नव्हती आणि त्याला सोडून परत फिरायचीही नव्हती. शहराबाहेर जनावरांचा हौद होता तिथं तो थांबला. ऊन होतं. बैलानं पाण्यात तोंड घातलं.

"का गाळलंस?" त्यानं विचारलं.

"नोकरी देतो म्हनला सावकार."

"सावकार मला बी म्हनला. चारदा म्हनला."

"तुला नोकरी न्हवती पायजे."

"त्ये खरं." त्यानं दोर मनगटाला गुंडाळला. "पर नोकरीसाटी मानूस मुकाट गाळतो आन मोकळा हुतो. तू माजं बोट धरलंस तवा तुजा हात कापत व्हता. मला वाटलं, शिकल्यालं पोरगं, बापाला वाचाय शिकिवतंय, म्हनून कापतोय." त्यानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "त्या दोगांचं तुला काय भ्या वाटलं?"

माझ्या बापाला अक्षर येत नव्हतं, पण सुटलेलं नाव कुठं आणि का सुटतं, हे ओळखण्यात त्याची हयात गेली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि बघत राहिला. त्याला कळत गेलं, ते मला दिसत होतं.

"त्या मंगळयेड्याच्या लोकास्नी न्हाय म्हनून कळिवतो," तो म्हणाला. "तुज्या आव्वाला काय सांगायचं ते म्या बगतो. परक्याची पोरगी कोंडून घालायची न्हाय."

मी मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच. कारण त्यानं पुढचं विचारलं, कामाचं विचारावं तसं, गावात एखाद्या घरी नवी सून आली की विचारायचा त्याच आवाजात.

"कुनासंगं?"

त्याला नाव पाहिजे होतं. नावाशिवाय त्याच्याकडं कुणाची जागा नव्हती. आणि ते नाव अप्पानं त्याच दिवशी सकाळी, हार घातलेल्या भिंतीसमोर, एका कुर्डुवाडीच्या मुलीबरोबर सगळ्यांसमोर घेतलं असतं, जर माणसं जेवायला उठली नसती.

"सांग की. म्या काय गावात वरडत जात न्हाय."

"कुनी न्हाय, अप्पा."

"आत्ता न्हाय, का कदीच न्हवतं?"

बैलाचं पाणी पिऊन झालं होतं. अप्पा हातात दोर धरून उभा होता, घाई नसल्यासारखा.

"कदीच न्हवतं," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, आणि चालायला लागला.